कार्तागेनात नेरिओ सापडला

बारांकिया, सोमवार

प्रिय नेलिदाताई,

मी बरी आहे, पण हे पत्र आधी एकटीने वाच. आईचा गुडघा कसा आहे? तिकडे घरी, माराकाइबोत, वीज टिकते का आता?

काल मैत्रिणींबरोबर कार्तागेना पाहायला गेले. तटबंदीवर फोटो काढले, नारळीभात आणि तळलेला मासा खाल्ला. चर्चसमोरच्या चौकात अंगभर सोनेरी रंग फासलेला, सैनिकाच्या वेशातला एक माणूस चौथऱ्यावर पुतळ्यासारखा उभा होता आणि लोक पैसे टाकून त्याच्याशेजारी फोटो काढत होते. मी जवळ जाऊन चेहरा पाहिला. तो आपला नेरिओ होता.

"दादा!"

ओठ न हलवता तो पुटपुटला, "युलेस्का, रडू नकोस. गिऱ्हाईकं पळतील."

मग खाली उतरून माझ्याजवळ सावलीत बसला. वर्षभर गप्प का, म्हणून मी भांडले.

"ऑफिसातली नोकरी महिन्यात गेली. आईला काय सांगू, तुझा मुलगा पुतळा झालाय?"

मला हसू आलं आणि लगेच रडूही. तो खोकतो गं. दिवसभर उन्हात असतो. घरी चल म्हटलं तर नुसता "बघू" म्हणाला. कालपासून माझं कशातच लक्ष नाही.

मैत्रिणी बससाठी हाका मारत होत्या. कोपऱ्यावरून वळून पाहिलं, तर तो पुन्हा चौथऱ्यावर चढला होता. लोक हसत होते, कारण पुतळा दोन्ही हात हलवत होता आणि थांबतच नव्हता.

आईला कसं सांगायचं ते तूच ठरव.

तुझीच,
युलेस्का