डोळ्यामागचा दाब

बाबा, आज दुपारी चांदूर बाजारचे एक काका माझ्यासमोर आडवे झाले होते आणि घाबरून विचारत होते, "मॅडम, डोस्क्यात सुई तं नाई टोचणार नं?" मी म्हटलं, सुई नाही, काही नाही. मिटलेल्या पापणीवर थंड जेली लावायची, त्यावर हे नवं यंत्र टेकवायचं, डोळ्यावर हलकासा दाब द्यायचा आणि सोनोग्राफीसारखं आतल्या रक्तवाहिनीतलं रक्त बघायचं. त्यावरून मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब कळतो. पूर्वी त्यासाठी कमरेत सुई घालावी लागायची, म्हणून काचबिंदूच्या माणसाच्या बाबतीत कुणी त्या भानगडीतच पडत नसे. काका म्हणाले, "बिमारी डोयाची, अन् तुमी मोजून राहिले डोस्कं. हे कसं काय?" मी उत्तर दिलं खरं, पण ते देताना समोर काका नव्हतेच, तुम्ही होतात. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला पुढून डोळ्यातला दाब रेटत असतो आणि मागून मेंदूच्या पाण्याचा दाब टेका देत असतो. मागचा टेका कमी पडला तर पुढचा दाब नॉर्मल असूनही नस हळूहळू मरते, असं आमचे डॉक्टर म्हणतात. लगेच पुढे असंही म्हणतात की हे अजून पक्कं नाही, म्हणूनच तर मोजतोय. तुमचा डोळ्याचा दाब प्रत्येक वेळी नॉर्मल यायचा, बाबा. म्हणजे आम्ही इतकी वर्षं तराजूचं एकच पारडं बघून वजन सांगत होतो का? की तसं काही नव्हतंच, आणि मला नुसतं कुणावर तरी ढकलून मोकळं व्हायचं आहे? मला खरंच कळत नाही.

तुम्ही अकोल्याच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतात. गाडीतून मूठभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढायचा, लांबी बघायची, पिवळी कवडी, म्हणजे किडका डागाळलेला कापूस, किती आहे ते बघायचं आणि प्रत सांगायची. प्रत्येक लॉटचा चिमूटभर नमुना पुडीत बांधून त्यावर चिठ्ठी लावायची, म्हणजे पुढे वाद झाला तर पुडी उघडून दाखवता येते. ती वर्षं वाईट होती. पेपर उघडला की आपल्याच भागातल्या कुण्या शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी. प्रत सांगताना गाडीवाल्याच्या तोंडाकडे बघवत नाही, असं तुम्ही जेवताना म्हणायचात. अशात एकदा गाडीतली कवडी तुमच्या नजरेतून सुटली आणि साहेबांनी चारचौघांत विचारलं, "ग्रेडर, दिसते का नाई तुमाले?" डोळे चांगले असल्याचं सर्टिफिकेट आणा, नाहीतर घरी बसा.

म्हणून तुम्ही अमरावतीला माझ्याकडे आलात. मी डोळ्यांच्या दवाखान्यात तंत्रज्ञ म्हणून नुकतीच लागले होते आणि अंगावरच्या पांढऱ्या कोटाचा मला फार तोरा होता. काचबिंदूचे थेंब तुम्हाला आधीच सुरू होते. त्या दिवशी तुमची फील्ड टेस्ट, म्हणजे नजरेचा घेर मोजायची तपासणी, मीच केली. अंधारी खोली, हनुवटी टेकवलेली, एका डोळ्यावर पट्टी. मधल्या पिवळ्या दिव्याकडे बघत राहायचं आणि बाजूला कुठे ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. त्या मशीनला एक खोड आहे. ठिपका दाखवण्याआधी आतून बारीक टक्‌ असा आवाज येतो. मधूनच ते मुद्दाम नुसता आवाज करतं आणि ठिपका दाखवतच नाही, समोरचा खरं बोलतोय का ते पाहायला. तुमचं अर्धं आयुष्य केंद्राशेजारच्या जिनिंगच्या खडखडाटात गेलेलं, सरकी काढणारा कुठला रेचा अडकतोय ते तुम्ही आवाजावरून सांगायचात. ठिपका दिसो न दिसो, तुम्ही टक्‌ झालं की बटण दाबत होतात. मी शेजारी उभी राहून बघत होते. कागद बाहेर आला, त्यावर भरवसा कमी असल्याची खूण छापलेली होती. तुम्ही विचारलंत, "जमलं का वं?" खरं म्हणजे टेस्ट पुन्हा घ्यायला हवी होती. मी कागद तसाच तेव्हाच्या डॉक्टर मॅडमसमोर ठेवला. त्यांच्यापुढे रांग लागलेली होती. त्या म्हणाल्या, फील्ड बरी दिसतेय, दाबही नॉर्मल, चला. तुम्हाला सर्टिफिकेट मिळालं. जाताना तुम्ही मला बसस्टँडवर केळी घेऊन दिलीत, जशी शाळेत पेपर बरा गेल्यावर द्यायचात.

पुढे वर्षभर तुम्ही फिरकला नाहीत, आणि आलात तेव्हा नजर कुलपाच्या भोकाएवढी उरली होती. नोकरी गेलीच. आणि मी काय केलं? स्वयंपाकघरात आईसमोर तुमच्यावर ओरडले. थेंब टाकत नाही तुम्ही, दाब नॉर्मल असताना डोळे असे जातातच कसे, उगाच खोटं बोलू नका. तुम्ही भिंतीला हात लावून उभे होतात. "टाकतो वं माय, रोज टाकतो," एवढंच म्हणालात. माझा विश्वास बसला नाही. तुम्ही गेल्यावर तुमची लोखंडी पेटी उघडली तर त्यात थेंबांच्या रिकाम्या बाटल्या निघाल्या, एकही महिना सुटलेला नव्हता. प्रत्येक बाटली पुडीत बांधलेली आणि पुडीवर तारखेची चिठ्ठी. शेवटच्या चिठ्ठ्यांवरची अक्षरं एकमेकांवर चढलेली होती. वाद झाला तर दाखवायला ठेवलेला नमुना, बाबा. वाद तुम्ही कधी घातलाच नाहीत. मी त्या दिवशी पेटीशेजारी फरशीवर बसून खूप रडले.

म्हणजे थेंबांचं तुम्ही खरं बोलत होतात आणि बटणाचं खोटं. मी मात्र खऱ्यावर ओरडले आणि खोटं मुकाट्याने पुढे सरकवलं. तेव्हा हे यंत्र असतं आणि तुमचा मागचा दाब कमी निघाला असता, तर काय झालं असतं? त्याच्यावर काय उपाय, तेही अजून कुणी छातीठोकपणे सांगत नाही. मग मी कशाची आस धरून बसलेय? कधी वाटतं दोष त्या पाण्याचा, कधी वाटतं माझा, आणि कधी तुमचाच राग येतो. दिसत नाही, असा एक शब्द बोलला असतात तर, बापलेकीत काय लपवायचं होतं?

आता हे पत्र कुठे पाठवायचं ते माहीत नाही, त्या बाटल्यांच्या पेटीतच ठेवून देईन. पण एक सांगायचं राहिलं. यंत्र शिकताना आम्ही एकमेकींवर हात बसवतो. गेल्या आठवड्यात माझ्या मागच्या दाबाचा आकडा खालच्या बाजूला आला. डॉक्टरांनी माझे डोळे पाहिले, नसेकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि फील्ड टेस्ट करून घ्या म्हणाले. काल केली. मशीन तेच जुनं आहे. हनुवटी टेकवली, पिवळ्या दिव्याकडे बघत राहिले. मग आतून टक्‌ झालं. मला काहीही दिसलं नव्हतं, बाबा, आणि मी बटण दाबलं.