शेवटची धून, माझ्याशिवाय

१४ डिसेंबर

ती. बाबा,

नमस्कार. इकडे सगळे मजेत. आईचा गुडघा कसा आहे? तिला जिना चढू देऊ नका. ती ऐकणार नाही, तरी सांगत राहा. तुमच्या जावयांचं वजन वाढलंय आणि ते खापर धोब्यावर फोडतात.

काल शाळेच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. हे पत्र तुम्ही वाचाल की चष्मा सापडत नाही म्हणून बाजूला ठेवाल, देव जाणे. मी लिहिणारच.

मी शाळेत वाद्यवृंद शिकवायला लागले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "मेंढरं हाकायला तुला व्हायोलिन शिकवलं नव्हतं. तू हात खाली घेतलास की ती पोरं पांगतील." तेव्हापासून आपलं बोलणं आईमार्फत. मला राग आला होता, पण त्याहून जास्त झोंबलं, कारण तुमचं खरं होतं. माझा हात थांबला की पोरं थांबायची.

म्हणून यंदा वर्षभर एक खूळ केलं. दर शनिवारी पोरांना एकमेकांकडे पाठ करून बसवायचं. खूण नाही, मोजणं नाही. शेजाऱ्याचा श्वास ऐकायचा आणि सगळ्यांनी एकदम सुरू करायचं. पहिल्या शनिवारी असा गोंधळ झाला की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर कोणाला लागलं का म्हणून धावत आले. चेलो वाजवणारा मुलगा तर डोळे मिटून श्वास ऐकता ऐकता खरंच झोपायचा. त्याचं नावच डुलकी पडलं.

काल शेवटच्या धुनेआधी मी हातातली ताल दाखवायची काडी स्टँडवर ठेवली, पायऱ्या उतरले आणि प्रेक्षकांमधून चालत थेट मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. मुख्याध्यापिकांना वाटलं मला चक्कर येतेय. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

पोरांनी श्वास घेतला आणि सुरू केलं. एकदम, एका झटक्यात. पण आमची ड्रमवाली! तिला सगळे वादळ म्हणतात ते उगीच नाही. एवढी गर्दी पाहून ती सुसाट सुटली. त्या लयीत पुढचा अवघड भाग बासरीवाल्यांना सात जन्मांत जमला नसता. माझे पाय स्टेजकडे वळले होते. पण धावले असते तर तुमचं म्हणणं सगळ्या सभागृहादेखत खरं ठरलं असतं. दाराची कडी घट्ट धरून उभी राहिले.

आणि डुलकी जागा झाला. तो एकेक सूर जड करून ओढायला लागला. व्हायोलिनच्या मुलींनी ते ऐकलं, त्याही त्याच्या मागे गेल्या. मग बासऱ्या. वादळने मान वर केली, हसली, आणि हात सैल सोडला. अवघड भाग आला तेव्हा सगळी एका लयीत होती. मी बसवलेली लय ती नव्हतीच. माझ्यापेक्षा संथ होती आणि माझ्यापेक्षा चांगली. बाबा, एकही पोर पांगलं नाही. लोक उठून उभे राहिले. मी जिंकले. विनय बिनय राहू दे, मी जिंकले.

आता इतका वेळ लिहायचं टाळतेय ते लिहिते.

माझ्यासमोर शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर एक पाठ होती. ती मी कुठेही ओळखेन. उजवा हात गुडघ्यावर होता आणि बोटं ताल धरत होती. वादळ सुटलं तेव्हा ती बोटं थांबली. पोरं सावरली तेव्हा पुन्हा सुरू झाली, पोरांच्या लयीत.

टाळ्या चालू असतानाच तुम्ही उठलात. मी एवढी मोठी बाई, पण दाराच्या पडद्यामागे लपले. दाराशी शिपाई होता. कार्यक्रमानंतर पालकांनी वहीत सही करायची असते, म्हणून त्याने तुम्हाला अडवलं आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही कोणाचे पालक?"

तुम्ही रुमाल काढून चष्मा पुसलात. मग म्हणालात, "बाईंचा."

आणि सही न करता निघून गेलात. मीही हाक मारली नाही.

पालकांसाठी आमच्याकडे पहिली रांग राखून ठेवलेली असते. पुढच्या वेळी तिथेच बसायचं. आईला घेऊन या.

तुमची पाल्य