पुतण्याच्या स्वयंपाकघरातून सर्वोच्च न्यायालयाकडे

१२ जानेवारी
पुतण्या जितेशने आमच्या वाटेवर भिंत घातली. पापडी गावातल्या या वाडीत माझं आयुष्य गेलं. बाकी तिन्ही बाजूंना सोसायट्यांच्या भिंती, वर काचा. आता रस्त्यावर जायचं तर जितेशच्या स्वयंपाकघरातून. नगरसेवक मिटवायला आला होता. त्याला सांगितलं, घटनेचं कलम पन्नास वाचा. न्यायसंस्था वेगळी, सरकार वेगळं. तुम्ही सरकारात मोडता. चहा न घेता गेला.

१५ जानेवारी
घटनेचं मराठी पुस्तक वाचतोय. कलम एकशे चोवीस : भारताचे एक सर्वोच्च न्यायालय असेल. असेल म्हटलं आणि झालं. केवढा धाक! त्याच्याखाली राज्याचं उच्च न्यायालय, मग जिल्ह्याचं, मग आपलं. एकच जिना. खालच्या पायरीवर पाय ठेवला की दिल्लीपर्यंत रस्ता मोकळा. सातवी शिकलेल्या माणसाला एका वाचनात कळलं. बायकोला, आशालताला, समजावलं. ती म्हणाली, आधी पिठाच्या गिरणीपर्यंत जाऊन दाखवा.

२० जानेवारी
वकील केल्या. शर्लीबाई. हुशार, पण घाई नाही. म्हणतात, भिंत काढून टाकायचा अर्ज करू, वेळ लागेल. मी म्हटलं, नको. मला ‘जैसे थे’चा आदेश हवा. पेपरात मोठ्या अक्षरांत येतो तोच. त्यांनी दोनदा विचारलं, काका, नक्की ना? वकिलाला ठाम अशील लागतो.

२९ जानेवारी
मिळाला! जैसे थे. आदेश जितेशला मोठ्याने वाचून दाखवला. त्याचा चेहरा उतरला.

३० जानेवारी
शर्लीबाईंचा फोन. जैसे थे म्हणजे आज आहे तसं. आज भिंत आहे. म्हणजे भिंत राहणार. हे मला माहीत होतंच. ही पहिली पायरी आहे.

९ फेब्रुवारी
येता-जाता विनिता, जितेशची बायको, चहा देते. नाही म्हटलं तर वाट अडवून उभी राहते. आज पोहे होते. प्रतिवादीचे पोहे खाल्ल्याने दावा कमजोर होतो का, पुस्तकात सापडलं नाही. दोन वेळा घेतले.

२२ फेब्रुवारी
जितेश घण घेऊन आला. म्हणाला, काका, विनिता रोज बोलते मला. भिंत फोडतो, गेट बसवतो, संपवा हे. मी आडवा आलो. आदेश दोघांनाही लागू आहे. एक वीट हलली तर कोर्टाचा अवमान. त्याने घण खाली टेकवला. मग म्हणाला,
“काका, तुमचीच वाट आहे ना ती?”
शर्लीबाईंना विचारलं. म्हणाल्या, तारखेला दोघं हजर राहा, तडजोड लिहून देऊ, साहेब परवानगी देतील, त्याच दिवशी मोकळे. तारीख बारा मार्च. मी बरं म्हटलं. तडजोड केली तर दिल्ली राहून जाते, याचं वाईट वाटतं. पण आशालताचे गुडघे आणि विनिताचा ओटा, दोन्ही दमलेत.

११ मार्च
इस्त्री केली. उद्या संध्याकाळी माझ्या वाटेने घरी येणार. झोप येत नाही. जितेश ऐनवेळी फिरला तर? साहेबांनी काही विचारलं तर? कलमं पाठ केली.

१२ मार्च, सकाळ
विनिताने हाक मारली, काका, चला, रिक्षा आलीय. आशालता जाऊन बसलीसुद्धा. मी नकार दिला. वादी-प्रतिवादी एका रिक्षातून उतरले तर न्यायाधीशांना काय वाटेल? न्याय निःपक्षपाती दिसलाही पाहिजे. तुम्ही व्हा पुढे, मी मागून स्वतंत्र येतो. विनिता काहीतरी सांगत होती, मी हाताने गप्प केलं. गेले.

१२ मार्च, थोड्या वेळाने
जितेशच्या स्वयंपाकघराला कुलूप.

१२ मार्च, दुपार
जितेशच्या भिंतीवर चढून पाहिलं. पलीकडे उडी मारायचं वय नाही. उतरलो. जितेशला फोन केला, कोर्टात बंद ठेवला असणार. सोसायटीच्या वॉचमनला हाका मारल्या. त्याने हात हलवला.

१२ मार्च, संध्याकाळ
शर्लीबाईंचा फोन. जितेश हजर होता, तडजोडीला तयार होता. साहेबांनी विचारलं, वादी कुठे? जितेश म्हणाला, घरात आहेत, चावी माझ्या खिशात राहिली. वादीशिवाय तडजोड होत नाही. पुढची तारीख जूनमध्ये.
विनिताने दार उघडलं. चहा टाकलाय म्हणाली. गेलो.