अकरा कागद शिल्लक

मी, वोल्डेमार्स यानिस स्कुया, वय शहात्तर, राहणार लीथ बंदर, लाटव्हिया देशाचा येथील मानद वाणिज्यदूत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टर सांगतात. दडपण कोणाचे नाही. फक्त माझे काय आणि देशाचे काय, हा गोंधळ एकेचाळीस वर्षे सुटलेला नाही, तो लिहितानाही तसाच आहे.

कलम १. राहते घर मुलगी वेल्ता हिला. पण समोरची खोली वाणिज्यदूताची कचेरी आहे. ती मला देता येते का? वकील मेन्झीस म्हणाले, "स्कुयासाहेब, घर म्हणजे घर. सगळंच लिहून टाका की!" म्हणून सगळे लिहिले. पटलेले नाही.

कलम २. टंकयंत्र आमच्या राजधानीहून, रीगाहून, सरकारने पाठवले, तेव्हा ते देशाचे. पण फिती मी आणल्या आणि वेल्ताचे शाळेतले निबंधही त्याच्यावरच टंकले. तिने ते सांभाळावे. मालक कोण, ते पुढे बघू.

कलम ३. झेंडाही सरकारचाच होता. माझी पत्नी मिल्डा, आता हयात नाही, तिने तो इतक्या वेळा दुरुस्त केला की खालचा लाल पट्टा सगळा तिच्या जुन्या झग्याचा आहे. म्हणजे निदान तेवढा वेल्ताचा. कापून मात्र घेऊ नये.

कलम ४. आन्सिस पुर्मालिस, जहाजांना दाणागोटा पुरवणारा, आमच्याच देशाचा. १९४० च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोने देश गिळला, त्याच आठवड्यात तो दारात येऊन म्हणाला, "दारावरची कचेरीची पाटी काढ रे, वोल्डेमार्स. देश नाही नि दूत कसला? हसतायत लोक." पंधरा वर्षे मी त्याच्याशी बोललो नाही. चूक कोणाची, आता सांगता येत नाही, कारण लोक खरेच हसत होते. त्याला माझा स्क्रूड्रायव्हर द्यावा. पाटीचे दोन स्क्रू सैल झाले आहेत, ते त्याने घट्ट करावेत. काढू नयेत.

कलम ५. दर वर्षी पाच ऑगस्टला मी इथल्या परराष्ट्र खात्याला निषेधाचे पत्र पाठवतो: माझा देश बळजबरीने सामील करून घेतला, ते आम्हाला मान्य नाही. खाते पोच देते. खात्याने कळवले आहे की मी जिवंत असेपर्यंत माझे नाव यादीत राहील, नंतर माझ्या जागी कोणी नाही. नेमणूक करणारे सरकार तरी कुठे आहे? मी गेलो की या बंदरातला लाटव्हियाही गेला. मरणाची भीती नाही, याची फार वाटते.

राजमुद्रा छापलेले कागद अकरा उरले होते. दहांवर तेच पत्र टंकून पुढच्या दहा वर्षांच्या तारखा घातल्या, सह्या केल्या. वेल्ताने दर वर्षी एक टपालात टाकावे. माझ्या मृत्यूची बातमी खात्याला देऊ नये.

ती म्हणाली, "बाबा, त्यांचा फोन आला तर?"

"बाहेर गेलेत म्हण."

"दहा वर्षं?"

"बंदरावर गेलेत म्हण. जहाजाला उशीर होतोच."

ती हसली, मग रडायला लागली. मेन्झीस म्हणाले, "हे कायद्यात बसत नाही हो." मी विचारले, "देश गिळला, ते बसलं होतं का?" पण त्यांचेही बरोबर असेल. खरे टिकवायला खोटे बोलावे का, मला कळत नाही. तरी पत्रे टाकावीत.

कलम ६. अकरावा कागद निषेधाचा नाही. देश परत उभा राहील त्या दिवशी तो रीगाला पाठवायचा आहे. निषेधाचा मजकूर मला झोपेतही येतो. या पत्राची पहिली ओळसुद्धा येत नाही. तीन दिवस यंत्रापुढे बसलो आणि शेवटी नुसती तळाशी सही केली. वरचे वेल्ताने लिहावे. तिने तो देश पाहिलेला नाही, तरी तिनेच लिहावे.

वर लिहिलेले वाचून पाहिले, बदलायचे काही नाही. या वर्षीचे पत्र सकाळी टपालात टाकले आहे.

लीथ, ५ ऑगस्ट १९८१
(सही) वो. या. स्कुया

साक्षीदार:
१. आर्चिबाल्ड डॅलग्लिश, खालच्या मजल्यावरचा शेजारी. कलम पाच वाचायच्या वेळी चष्मा सापडला नाही.
२. जीन डॅलग्लिश, त्याची बायको. चष्मा माझ्याकडे होता. दहा वर्षे माझ्याकडेच राहील.