डाव्या कानातली खरखर

३ मार्च, सोमवार

जाळले! माझे हेडफोन जाळले!

नवा अ‍ॅम्प्लिफायर काल संध्याकाळी जोडला आणि आज सकाळी डाव्या बाजूला खर्रर्र. मागितला होता कोणी? लॅपटॉपला वायर लावून अकरा वर्षं ऑडिओबुकच्या कादंबऱ्या तपासून ऐकतेय. मूळ पुस्तक मांडीवर, कानात वाचकाचा आवाज, हातात पेन्सिल. चुकलेला शब्द, पानाची फडफड, मध्येच गिळलेला आवंढा – काही म्हणजे काही सुटत नाही. स्टुडिओची एक तक्रार नाही. पण ह्यांना निवृत्तीनंतर हौस! "तुझ्या हेडफोनला ताकदच मिळत नाहीये गं. हा लाव, बघ कसे गातात."

गायले!

आज आजोबांचं प्रकरण होतं. आजोबा म्हणजे आमचे सगळ्यात जुने वाचक, आवाज खर्जातला. पहिल्याच वाक्याला डाव्या बाजूला माशी अडकल्यासारखी गुणगुण. दुसऱ्या वाक्याला तेच. पंचवीस पुस्तकं ऐकलीत मी त्यांची, कधी नाही ते आज त्यांच्या आवाजात माशी!

ह्यांना सांगितलं. तर म्हणे, "अ‍ॅम्प नवा कोरा आहे, त्याला काय धाड भरलीय? तुझी वायरच जुनी." मी ताटावरून उठले. हे शांतपणे जेवत राहिले.

४ मार्च, मंगळवार

वायर बदलली. तसंच.

हेडफोन उलटे घातले, डावी बाजू उजव्या कानावर. खरखर उजव्या कानात आली. म्हणजे माझे कान शाबूत, हेडफोनचीच डावी बाजू गेलेली. ही युक्ती मला कोणी सांगितली नाही, माझी मीच केली. हे म्हणाले, "शाब्बास!" जसं काही मी पाढे म्हणून दाखवले.

मग ह्यांनी स्वतःचे स्वस्तातले इअरफोन अ‍ॅम्पला लावले. स्वच्छ! "बघ, अ‍ॅम्प निर्दोष." मग मी माझे हेडफोन पुन्हा लॅपटॉपला लावले आणि जीव कानात आणून ऐकलं. बारीक, अगदी बारीक, पण खरखर आहेच. म्हणजे एकदा जळला तो जळलाच, आता कशालाही लावा. ह्यांना तसं सांगितलं. "चाळीस वर्षं मी बसच्या वायरी जोडल्या, एक बस पेटली नाही," म्हणाले. बसला कान नसतात, मी म्हटलं.

त्यात दुपारी स्टुडिओतून रेकॉर्डिस्टचा फोन. "ताई, वाचकबाईंचं काय ते शुक्रवारपर्यंत कळवा. वरून विचारणा आहे."

घ्या! माझ्या डोक्यावर हे एक आहेच. वाचकबाई आठ महिन्यांपूर्वी आल्या. वाचतात सुंदर. शब्दांवर प्रेम आहे, घाई नाही, रडके प्रसंग रडत वाचत नाहीत. पण आवाजात खरखर. पहिल्या दिवसापासून. ठराविक सुरावर आल्या की घशात काही अडकल्यासारखं होतं. मी प्रत्येक अहवालात लिहिलं. नऊशे पानांची मोठी कादंबरी त्यांना द्यायची की नाही, हे आता माझ्या मतावर आहे. पहिलं प्रकरण त्यांनी चारदा वाचून दिलं. चौथ्या खेपेला सोबत चिठ्ठी होती – "या वेळी सकाळी लवकर उठून, कोमट पाणी पिऊन वाचलंय. आता बरं असेल ना?" नव्हतं.

परवा पाचवी खेप आलीय. ती कशावर ऐकू? कपाळावर?

५ मार्च, बुधवार

माहितीपुस्तिका सापडली. खोक्यासकट कपाटावर, पिशवीसुद्धा न फोडलेली. पान दोन, ठळक अक्षरांत – जोडण्यापूर्वी आवाजाचे बटण शून्यावर आणावे.

ह्यांना विचारलं, होतं का शून्यावर?

"असेल."

असेल!!

६ मार्च, गुरुवार

शेजारच्या गल्लीतल्या दुकानात नवे हेडफोन बघून आले. तीन जोड कानाला लावले. एकात सगळे विहिरीतून बोलतात, दुसऱ्यात सगळ्यांना सर्दी, तिसऱ्यात नुसता धमधमाट. दुकानदार म्हणतो, "काकू, यात बेस जबरदस्त आहे." अरे, मला कादंबरी ऐकायचीय, वरात नाही! तशीच परत आले. माझे हेडफोन माझ्या कानांना ठाऊक आहेत. दुसऱ्या कशावर ऐकून मत द्यायचं नाही हा माझा नेम आहे आणि अकरा वर्षांत मी तो मोडलेला नाही.

रेकॉर्डिस्टचा पुन्हा फोन. शुक्रवार उद्यावर आला. म्हटलं, पाचवी खेप ऐकता येत नाहीये, आमच्याकडे घोळ झालाय. तो जरा घुटमळला. "ताई, खरं सांगू का? मला तर बाईंच्या आवाजात कधीच काही सापडलं नाही. पण तुमचे कान म्हणजे कान. तुम्ही म्हणाल ते."

त्याचे कान! दिवसभर स्पीकर लावून बसतो, वर पंखा फुल्ल. त्याला भूकंपसुद्धा ऐकू यायचा नाही.

चार खेपा ऐकल्यात, पाचवीत काय वेगळं असणार? बसले आणि लिहून पाठवलं – "खरखर कायम आहे. इतक्या लांबीच्या पुस्तकाला हा आवाज पुरणार नाही. घसा एकदा नीट दाखवून घ्यावा." पाठवल्यावर वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण भीड भिकेची बहीण. आज भिडेपोटी हो म्हटलं तर उद्या नऊशे पानं ऐकणाऱ्याला मी काय तोंड दाखवू?

हे सगळं त्या अ‍ॅम्पपायी. निदान शेवटचं तरी ऐकून मत दिलं असतं.

७ मार्च, शुक्रवार

अबोला. दोघंही.

रेकॉर्डिस्टचा निरोप आला – बाईंना कळवलं. "बरं" म्हणाल्या.

८ मार्च, शनिवार

अबोला मीच मोडला, कारण दुरुस्तीवाल्याचा पत्ता ह्यांना ठाऊक. दोघं गेलो. वाटेत तो अ‍ॅम्प ह्यांनी पिशवीत घालून असा छातीशी धरला होता, जसं काही बाळाला डॉक्टरकडे न्यायचंय.

दुरुस्तीवाला म्हातारा, जिन्याखालचं दुकान, डोळ्याला भिंग. मी सगळी कहाणी सांगितली, अ‍ॅम्पपासून. हे मध्ये मध्ये "पण" म्हणत होते. त्याने ऐकलं किती आणि नाही किती कोण जाणे. डाव्या बाजूची गादी काढली, आत बघितलं आणि मान वर न करता म्हणाला, "इथली स्पंजची चकती कुठाय?"

ती कुजली होती. चुरा पडायला लागला म्हणून मीच काढून टाकली होती, आणि गादीला नवं कापड शिवून लावलं होतं. टाका दिसत नाही असं! हे मी जरा ऐटीतच सांगितलं.

"ती चकती शोभेला नव्हती, बाई." चिमट्याने त्याने काहीतरी हळूच ओढलं. येतंय, येतंय, येतंच राहिलं. केस! वीतभर लांब. आतल्या पातळ पडद्यावर धुळीसकट चिकटून बसलेला.

"पडदा थरथरला की हा त्याच्यावर घासतो. तुमच्या अ‍ॅम्पने काही जाळलेलं नाही. आधी ताकद कमी होती, तेव्हा एखाद्याच सुराला घासत असेल. आता ताकद वाढली, तर सगळ्यांना घासायला लागला."

ह्यांचा चेहरा! निवडणूक जिंकल्यासारखा. मला वाटलं जमिनीने पोटात घ्यावं. आठवडाभर माणसाला धारेवर धरलं, आणि दोष माझ्याच हेडफोनचा. दुरुस्तीवाल्याने नवी चकती बसवली, केस कागदाला चिकटवून "घ्या तुमची ठेव" म्हणून हातात दिला.

घरी येऊन ह्यांची माफी मागितली. कशीबशी. नाचता येईना अंगण वाकडं, असंसुद्धा स्वतःला म्हणून दाखवलं. हे म्हणाले, "चालायचंच." मग अ‍ॅम्पवरची धूळ पुसत बसले, जी नव्हतीच.

सुटले एकदाची!

९ मार्च, रविवार

सकाळी खिडकीशी तो कागद उजेडात धरला. केस तपकिरी आहे. रंगवलेला.

मी रंग सोडून दीड वर्ष झालं. तेव्हाच केस मानेपर्यंत कापले, एक रंगीत टोक ठेवलं नाही. वाचकबाई येऊन आठ महिने.

पाचही खेपा काढल्या. ओळीने ऐकल्या, अ‍ॅम्प लावून. पाचही स्वच्छ. पहिलीसुद्धा. केसाने काय कापतात त्याचा एक वाक्प्रचार आहे, तो आज माझ्याच्याने लिहवत नाही.

रेकॉर्डिस्टला आधी कळवलं, माझं मत रद्द, सगळीच्या सगळी मतं रद्द. मग बाईंना फोन लावला. मुलीने उचलला. "आई परवापासून फोनवर बोलत नाही. काल डॉक्टर म्हणाले घसा उत्तम आहे, तरी तिला वाटतं आवाज ऐकवत नाही कुणाला. घरातसुद्धा कामापुरतंच बोलते."

"तिला बोलायला नको सांगूस," मी म्हटलं. "नुसता फोन कानाला धरायला सांग. बोलायचंय ते मला."