तुझ्या पाठीवरचा पाय

आई, आज फिजिओथेरपीवाल्या बाईंनी माझ्या कंबरेवर नुसता तळहात ठेवला आणि मी त्यांच्या टेबलावर पालथी पडल्या पडल्या हमसून हमसून रडले. त्यांना वाटलं, हाताचा भार जास्त पडला. बिचाऱ्या माफी मागायला लागल्या. रोह्याच्या कंपनीत प्रयोगशाळेत अर्धं आयुष्य काढलेली, पन्नाशी उलटलेली बाई अशी रडते म्हटल्यावर बाहेर बाकावर बसलेले लोकही आत डोकावायला लागले. मला उठून काही सांगता येईना. तुला न सांगता कळलं असतं, म्हणून घरी आल्यावर चहासुद्धा न टाकता हे लिहायला बसले.

गेल्या वर्षी कंपनीच्या जिन्यावरून घसरले. हाड मोडलं नाही, मुका मार. महिन्याभरात उठून पळाल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण त्याच महिन्यात तुझा जावई गेला, जेवता जेवता, ताटावरच. तेव्हापासून कंबर जी धरली आहे ती धरलीच आहे. पनवेलला जाऊन मोठ्या मशीनमधून निघाले, तिथे सगळं ठीक. रिपोर्ट हातात घेऊन गाडीत बसले, जिते स्टेशन गेलं, पेण आलं, आणि तिथे मला तू आठवलीस. आठवलीस म्हणणंही खोटंच. इतकी वर्षं मी तुझ्या कंबरदुखीला आठवणीत शिरू देत नव्हते.

तुझी कंबर धरली ती आपल्याकडे खांड गेली त्या वर्षी. बांध फुटला, खाडीचं खारं पाणी शेतात शिरलं आणि सगळा गाव चिखलाच्या पाट्या घेऊन धावला. तुझ्या डोक्यावर तिसरी की चौथी पाटी होती, पाय घसरला आणि कंबरेत चमक आली. चमक आठ-पंधरा दिवसांची असते. पण जमीन खारी झाली, भात पिकेना, बाबा ओटीवर बसून नुसते खाडीकडे बघायचे आणि कोणी पाणी विचारलं तरी अंगावर यायचे. तू पेणला गणपतीच्या कारखान्यात जायला लागलीस. दिवसभर उकिडवं बसून कच्च्या मूर्ती घासायच्या, संध्याकाळी घरी येऊन बाबांचा मूड आधी बघायचा, मग पदर खोचायचा. रात्री तुला झोप नसायची. हे सगळं एका ओळीत मांडायला मला पस्तीस वर्षं लागली.

आणि मी पायाळू. पायाकडून जन्मलेली, म्हणून अख्ख्या गावाची वैद्य. कोणाला उसण भरली की तो सकाळी चूळही न भरता आपल्या दारात येऊन पालथा पडायचा आणि मी परकराचा घोळ सावरून त्याच्या पाठीला डावा पाय तीनदा लावायची. वर गुळाचा खडा मिळायचा. वीज कडाडली की पायाळूवर पडते म्हणून तू मला आतल्या खोलीत कोंबायचीस, तेवढाच काय तो त्या मानाचा तोटा.

तू कारखान्यातून येतेस. चूल पेटवायच्या आधी स्वयंपाकघराच्या जमिनीवर पालथी होतेस, गाल सारवणाला टेकवतेस. "पाय लाव गो बाय." मी भिंतीला धरून तुझ्या कंबरेवर पाय ठेवते. साडीला मातीचा आणि रंगाचा वास येतोय. तीनदा झालं तरी तू म्हणतेस, "ऱ्हावं दे जरा." मग उठतेस आणि एका दमात भाकऱ्या थापतेस, मला चिडवतेस, "माजे डॉक्टरनीला आज काय फी देऊ?" तासभर तुझं बरं चालायचं. तासाभरानं पुन्हा हात कंबरेवर.

मी अकरावीला सायन्स घेतलं आणि सगळ्या जगाला शहाणं करायला निघाले. त्याच वर्षी तुला अलिबागला नेऊन कंबरेचा फोटो काढला. परत येताना वडखळच्या नाक्यावर एसटीची वाट बघत उभ्या होतो. तुला उभं राहवत नव्हतं, तू खांबाला टेकलीस.

"काय दिसला गो फोटूत?"

"काय नाय. हाडं चांगली हायत. तुझं दुखणं मनाचं आहे."

"मनात काय नि कंबरेत काय, दुखतंय तं मलाच ना गो?"

मी हसले. आई, मी हसले होते तेव्हा. घरी आल्यावर तू नेहमीसारखी जमिनीवर पालथी झालीस आणि मी दारातच उभी राहिले. म्हटलं, "आता हे बंद. अंधश्रद्धा आहे ही. फोटोत काही नाही तर पाय लावून काय जाणार?" तू मान वळवून माझ्याकडे बघितलं नाहीस. थोडा वेळ तशीच पडून राहिलीस, मी मन बदलीन म्हणून असेल. मग चौकटीला धरून उठलीस आणि तांदूळ धुवायला घेतलेस. त्यानंतर तू मला कधीच बोलावलं नाहीस.

मग तुझ्या दुखणं मारायच्या गोळ्या सुरू झाल्या. दुकानातून दोन आणायच्या, मग चार, कामावर जाताना एक, येताना एक. कोणाला विचारायचं नाही. शेवटी मूत्रपिंडं गेली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, या गोळ्या किती वर्षं घेताय? तू माझ्याकडे बघितलंस. मी सांगितलं, मला माहीत नाही.

आज रडणं थांबल्यावर मी बाईंना विचारलं, मशीनमध्ये काही नाही तर दुखतं काय? वयानं मला मुलीसारख्या, पण त्यांनी नीट समजावलं. जखम भरते, पण शरीर भ्यालेलंच राहतं. काळजी, अपुरी झोप, घरातला ताण, यानं नसा सावध राहतात, स्नायू आखडून बसतात, आणि मग साधा वाकण्याचा त्रासही मेंदूला धोका वाटतो. दुखतं म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून दुखतं. "पण खरंच दुखतं हं," त्या म्हणाल्या, "कोणी नाटक म्हणालं तर ऐकू नका." मी पाय लावण्याचं विचारलं, जरा लाजतच. त्या हसल्या नाहीत. पायात औषध नाही, म्हणाल्या, पण विश्वासाच्या माणसाचा स्पर्श झाला की ते आखडलेलं शरीर थोडा वेळ सुटतं. त्यानं बरं होत नाही. तेवढ्या वेळात माणूस हलतो, चालतो, आणि बरं होण्याची सुरुवात कधी कधी तिथूनच होते. मग त्यांनी कागद पुढे ओढून विचारलं, घरी कोण कोण असतं? मी सांगितलं, कोणी नाही.

रोज थोडं चाला, म्हणाल्या. चालेन. त्यानं काही होईल असं मला आतून वाटत नाही. तुझा तासभर मी घेतला, तो आता मला कोण आणून देणार? आणि दिला तरी घ्यायचा कोणत्या तोंडानं?

एक राहिलं. सायन्सचं मी नुसतं नाव पुढे केलं. पाय ठेवला की तुझी पाठ आधी दगड असायची आणि मग हळूहळू सैल व्हायची, ते माझ्या तळव्याला रोज कळायचं. तुझं दुखणं खरं आहे हे घरात फक्त मला ठाऊक होतं. मला कंटाळा आला होता गो, दुसरं काही नाही.

तू असतीस तरी तुला वाचता येत नव्हतं. हे पत्र मलाच तुझ्यापुढे बसून वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तो कंटाळ्याचा भाग मी गाळला असता.