तिसरं बटण

मंगळवार, दुपार

प्रिय बगळ्या,

टक्. आणि मग डब्यात भुंगा कोंडल्यासारखी गुणगुण. तू गिटारची वायर खोचायचास तेव्हाचा तो आवाज रविवारपासून माझ्या कानातून जात नाही, म्हणून हे पत्र. आशीर्वाद लिहावेत तर तू माझ्याच बाकावरचा, शिवाय बायकोचा थोरला भाऊ, तेव्हा नमस्कारच. आम्ही बरे आहोत. तुझ्या बहिणीचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो.

रविवारी गायकाकडे बैठक होती. आपण जिथे वाजवायचो त्या हॉलला पन्नास वर्षं होतायत, तर आपल्या बँडने पुन्हा एकदा उभं राहावं म्हणे. तुला त्याचा फोन आला असेलच. गायकाने केस इतके काळे केलेत की उशीच्या अभ्र्यावर डाग पडत असतील. ड्रमवाला अजूनही तोंडात घास असतानाच बोलतो. भिंतीवर आपला जुना फोटो : पाच जण, पाच चकचकीत जांभळे शर्ट. ते कापड घाम शोषायचं नाही, साठवून ठेवायचं. घाईत मी एकदा ड्रमवाल्याचा घातला होता.

आणि ती गाणी. शाळेत मास्तरांनी चालीवर कविता म्हणून घेतलेले आपण, आणि हॉलमध्ये काय गायचो? ‘रात’ आली की ‘साथ’, ‘साथ’ आली की ‘हात’. ते शब्द माझे. तुम्ही मला ‘कवी’ म्हणायचात आणि मी मान डोलावून ते घ्यायचो. शी.

विषय टाळतोय, कळतंय मला.

वर्ग कवितेतल्या पाखरापर्यंत पोचला की तू अजून झाडापाशीच असायचास. मास्तर म्हणायचे, याला येऊ दे रे सावकाश. गिटारवरही तू तसाच, अर्धी मात्रा मागे. बाकीचे तिघे म्हणाले, काढा याला. मी म्हणालो, राहू दे. त्यात मनाचा मोठेपणा नव्हता. मला तुझ्या बहिणीला मागणी घालायची होती, आणि तुला काढल्यावर तुमच्या घरी कोणत्या तोंडाने आलो असतो? मग आम्ही चौघांनी तोडगा काढला. सगळ्यांचा आवाज ज्या मिक्सरमधून जायचा तो माझ्या ऑर्गनशेजारी होता. त्यावरचं तिसरं बटण तुझं. गाणं सुरू झालं की मी ते शून्यावर आणायचो. ड्रमच्या गोंगाटात स्टेजवर कुणालाच स्वतःचं ऐकू यायचं नाही, तुलाही नाही. चार वर्षं तू वाजवलंस आणि हॉलमध्ये ते कुणी ऐकलं नाही.

कार्यक्रम संपला की तू विचारायचास, “पोचलं का रे मागपर्यंत?” मी म्हणायचो, “शेवटच्या रांगेपर्यंत.” एकदा तुमची आई पहिल्या रांगेत होती. म्हणाली, बाळाची बोटं हलताना दिसली, ऐकू मात्र काही आलं नाही. मी म्हणालो, वयाने होतं असं. दुसऱ्या दिवशी ती कान तपासून घ्यायला गेली.

रविवारी गायक म्हणाला, “त्याला घेऊ की. तिसरं बटण आहेच.” सगळे हसले. बगळ्या, मीही हसलो. घरी येऊन तीनदा चूळ भरली, तरी ते हसू तोंडातून जाईना.

अजून एक आहे, आणि ते त्या तिघांनाही माहीत नाही. एकदा मी बटण फिरवायला विसरलो. संथ गाणं होतं. तुझे सूर शब्दांच्या मागून येत होते, आईचं बोट सोडून रमतगमत चालणाऱ्या पोरासारखे. हॉलमध्ये खुर्च्यांची करकर थांबली. लोक तुझ्याकडे बघायला लागले. तू वाईट वाजवत नव्हतास रे. घाई आम्हाला होती. पुढच्या ओळीनंतर माझा ऑर्गनचा तुकडा होता, आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मी हळूच हात नेला. त्यानंतर कधी विसरलो नाही.

काहीतरी सबब सांगून तुला ‘येऊ नकोस’ लिहायचं, म्हणून बसलो होतो. ते आता नको. तुला सगळं कळू दे, मग येणं न येणं तू ठरव. पुन्हा माझं तोंड बघायचं की नाही, तेही तूच. तुझ्या बहिणीलाही आज सांगणार आहे. जेवताना सांगणार होतो, तिने भात वाढला, मी मीठ मागितलं.

दाराची बेल वाजली. ती उघडायला गेलीय.

“अगंबाई, दादा? न कळवता?” तिचाच आवाज. मग विचारतेय, खांद्यावर गिटार ठीक आहे, पण हातात हे खोकं कसलं.

तुझं उत्तर इथवर ऐकू आलं.

“माझा स्वतःचा स्पीकर. या खेपेला बटण माझ्याकडे.”

या खेपेला. म्हणजे तुला माहीत होतं. कधीपासून, बगळ्या? आणि तरी दर सणाला, दर लग्नकार्यात माझ्या शेजारी बसत आलास?

टक्. गुणगुण.

या पाकिटाला तिकीट लावत नाही. बाहेर येतो आणि तुझ्या हातात देतो. माझ्यासमोर वाच, तुझ्या चालीने, सावकाश. मी मध्ये बोलणार नाही.

चार वर्षं ज्याचा हात त्या बटणावर होता, तो,
तुझा कवी